गुरुनाथने पसंत केलेल्या कोंबड्या

टेक्ससमधल्या आमच्या शुगर लँडच्या बाकीच्या वसाहतींत गवत किती वाढलं ते बघायला समिती असते, टपालपेटीला कुठला रंग द्यायचा ते सांगायला समिती असते. आमची गल्ली या समित्यांच्या आधीची. इथे ज्याला जे सुचेल ते तो करतो, आणि कोण काय करतो ते बघायला मी आहे. त्यामुळे २००५च्या फेब्रुवारीत शेजारच्या गुरुनाथ हत्तरकीच्या मागच्या अंगणात ठोकाठोकी सुरू झाली, तेव्हा कुंपणाशी पहिली मीच पोचले.

"काय हो गुरुनाथ, कुत्रा आणताय?"

"नाही वहिनी. कोंबड्या."

मला वाटलं, ऊन लागलं. आमच्याकडे फेब्रुवारीतही लागतं. कारण गुरुनाथ मूळचा गडहिंग्लजचा, आणि त्याच्या घरात केकसुद्धा बिनअंड्याचा. एकदा मी विसरून अंड्यांचा डबा त्यांच्या ओट्यावर ठेवला, तर मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांत धरून त्याने तो माझ्या हातात परत दिला होता.

"मग किती शिट्ट्या देणार?"

"शोसाठी आहेत वहिनी. स्वानंदी पोल्ट्री शोमध्ये उतरणार आहे." त्याने खिशातली मोजपट्टी काढून लाकडाला लावली. "एका पक्ष्याला चार चौरस फूट लागतात. मी सहा देतोय."

गुरुनाथचं निम्मं चरित्र यात आलं. चार लागतात तिथे तो सहा देणार, आणि तुम्ही म्हणालात की मला चारच बरे, तर तुमच्यासमोर बसून, आवाज अजिबात न चढवता, सहा का बरे हे समजावणार. तेलाच्या विहिरीतला दाब मोजायची त्याची नोकरी. माणसांवर दाब न देता तो त्यांना कुठेही नेऊ शकायचा. सोफा त्याने निवडला, घर त्याने निवडलं, बायकोची गाडी त्याने निवडली. बायकोही अकरा मुली बघून, गुण देऊन निवडली होती, असं त्याच्या आईनेच मला अभिमानाने सांगितलं होतं.

ती बायको, देवयानी, आदल्या ऑगस्टमध्ये जर्सी सिटीला निघून गेली. "नोकरीसाठी," असं सगळे म्हणायचे. सगळ्यात मोठ्याने मी म्हणायचे, कारण खरं मला ठाऊक होतं. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे डबे परत करायला आली होती आणि डबे हातात तसेच धरून म्हणाली होती, "शुभाताई, तो वाईट असता तर बरं झालं असतं. तो मला विचारतो. प्रत्येक गोष्ट विचारतो. आणि मग माझं उत्तर दुरुस्त करतो."

राहिली स्वानंदी. अकरा वर्षांची, पाचवीत. शिकलेली माणसं दोघं, वकील नाही, भांडण नाही. फोनवर ठरलं की पोरीचं वर्ष मध्येच तोडायचं नाही. जूनपर्यंत तिने बाबाकडे राहायचं, आणि जूनमध्ये तिनेच सांगायचं की पुढे कुठे राहणार. गल्लीतल्या तीनही मराठी घरांना हे माहीत होतं. कसं कळलं ते विचारू नका.

अडचण अशी की पोर बोलायची थांबली होती. रुसली नव्हती, फक्त "फाइन" आणि "ओके बाबा" यांच्या पलीकडे काही उरलं नव्हतं. गुरुनाथ जेवताना शाळेबद्दल विचारायचा, ती "फाइन" म्हणायची, आणि मग दोघं आमटी जेवायची. तशात जानेवारीत तिच्या वर्गात बाईंनी अंडी उबवायचं यंत्र आणलं. एकवीस दिवसांनी पिल्लं फुटली, आणि त्या दिवशी ही घरी येऊन बोलायला लागली.

"चाळीस मिनिटं, वहिनी," गुरुनाथ मला म्हणाला. "मी घड्याळ बघितलं."

मी हसले. तो हसला नाही. खिळे मोजत म्हणाला, "तिकडे देवयानीच्या बाविसाव्या मजल्यावर कोंबडी ठेवता येत नाही. मी त्यांच्या बिल्डिंगचे नियम वाचलेत."

तेव्हा मला त्या खुराड्याचा अर्थ लागला.

*

इथे फोर-एच म्हणून मुलांचा क्लब असतो. कुणी डुक्कर वाढवतं, कुणी ससा, कुणी बोकड, आणि मग काउंटीच्या मैदानावर जनावरांचं प्रदर्शन भरतं. स्वानंदीने कोंबड्यांत नाव घातलं. प्रदर्शन मेमध्ये. कोंबड्या आणायच्या नीडव्हिलच्या पलीकडे राहणाऱ्या डॉटी नावाच्या म्हातारीकडून, असं क्लबवाल्यांनी सांगितलं होतं.

मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गाडीत बसले. कोंबडीतलं कळणारं एक तरी माणूस बरोबर असावं. माझं ज्ञान वाटण परतण्यापासून सुरू होतं हे खरं, पण गुरुनाथचं तिथेही पोचत नव्हतं. त्याने मात्र छापून आणलेला कागद होता. चौदा रकाने. तुरा, डोळे, चोच, पाठ, शेपटीचा कोन, पायाची बोटं, वजन.

"पत्रिका राहिली," मी म्हटलं.

मागच्या सीटवरून एक बारीकसा आवाज आला. स्वानंदी हसली होती. गुरुनाथने आरशात पाहिलं. त्या एका आवाजाने गडी पुढचे दहा मैल हलका होऊन गाडी चालवत होता.

डॉटीबाई सत्तरीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातावर पिढ्यान् पिढ्यांच्या कोंबड्यांचे ओरखडे. तिने आम्हा दोघांकडे बघितलंच नाही. सरळ पोरीला विचारलं, "पहिल्यांदाच का गं? मग ठेंगणी जात घे. मोठी कोंबडी तुला धरता येणार नाही. कोंबडा नको, कोंबडीच घे. आणि पांढरी नको."

"व्हाय नॉट व्हाइट?" गुरुनाथने विचारलं.

"कारण पांढरीवर सगळं दिसतं. चिखल दिसतो, विष्ठा दिसते, ऊन लागलं तर पिवळटपणा दिसतो. पांढरी ठेवणं माझ्यासारखीला जड जातं. पोरीने पहिलं वर्ष कोंबडी शिकावी. धुणं शिकू नये."

मग तिने पिंजऱ्यांच्या रांगेतून एक काळी काढली. कोचीन जातीची, म्हणे. नाव कोचीन, बोली टेक्ससची. बुटकी, गोल, पायांवरही पिसं, जणू पायमोजे घालून आलेली. डॉटीने ती स्वानंदीच्या मांडीवर ठेवली. कोंबडीने दोनदा मान फिरवली, पोरीच्या कोपराच्या खोबणीत डोकं घातलं आणि डोळे मिटले.

स्वानंदी हललीच नाही. श्वाससुद्धा बेताने घेत होती.

"शी लाइक्स मी," ती हळूच म्हणाली.

गुरुनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला. कागद मांडीवर. "छान आहे. फारच छान. पण बघ बेटा, काळ्या पिसांत दोष लपतात. जजला नीट बघता येत नाही. आणि तिचं उजवं बोट थोडं वाकडं आहे, दिसलं? इथे पाचातले दोनच गुण पडतात."

"बट शी लाइक्स मी, बाबा."

"हो, पण तो रकाना नाहीये ना."

तो चेष्टेने म्हणाला होता, प्रेमाने म्हणाला होता. गुरुनाथ सगळं प्रेमानेच म्हणायचा.

पलीकडे तीन तलंगा होत्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. वायनडॉट जातीच्या, पांढऱ्याशुभ्र, परीटघडीच्या साडीतल्या नवऱ्यांसारख्या. गुरुनाथने त्या एकेक करून टेबलावर ठेवायला लावल्या. स्वतः हात लावायचं धाडस नव्हतं, पेनाने दाखवत होता. चालवून बघितल्या.

"गाणं येतं का विचारा," मी म्हटलं. "आणि स्वयंपाकाचं विचारू नका, बिचाऱ्यांना वाईट वाटेल."

"वहिनी, प्लीज."

पांढऱ्या तिघींना चौदाही रकान्यांत वरचे गुण पडले. पडणारच. त्याच्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायची जाहिरात मी वाचली होती. त्यात पहिला शब्द 'गोरी' होता. देवयानीसुद्धा केतकीसारखी गोरी. तरी काय झालं ते गल्लीने पाहिलंच.

"स्वानंदी, तुला काय वाटतं? तू सांगशील तसं," गुरुनाथ म्हणाला, आणि मग वीस मिनिटं त्याने पांढऱ्यांचे फायदे सांगितले. डॉटी खांबाला टेकून ऐकत होती. वीस मिनिटांनी पोर म्हणाली, "ओके बाबा."

काळीला पिंजऱ्यात ठेवताना तिच्या पायाची पिसं स्वानंदीच्या बाहीच्या बटणात अडकली. ती सोडवायला पोरीने जरा जास्तच वेळ लावला.

निघताना डॉटी माझ्या कानाशी म्हणाली, "पाणी घालायचं तिने, मग निवडायची पण तिनेच असते. तुझ्या नवऱ्याला सांग."

"माझा नवरा नाही तो," मी म्हटलं. "माझा घरी टीव्हीसमोर आहे, त्याला मी निवडलंय."

*

तीन कोंबड्यांच्या पायांत गुरुनाथने एक, दोन, तीन अशा आकड्यांच्या कड्या घातल्या. स्वानंदीने नावं ठेवली नाहीत, म्हणून मी ठेवली. आमच्या महाराष्ट्र मंडळात तीन गोऱ्यापान बायका आहेत, कायम एकत्र फिरतात आणि पोटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, फक्त सॅलड आणतात. शैला, सुलेखा, प्रतिमा. तीच नावं दिली. त्यांना अजून माहीत नाही.

खोटं कशाला सांगू, मार्च महिना बरा गेला. पोर संध्याकाळी कोंबडी हातात घेऊन कुंपणाशी यायची आणि मला धडा द्यायची. "शुभाकाकू, धिस इज द हॅकल. हे मानेचं पीस. हे प्रायमरीज, पंखातली मोठी पिसं, काउंट करू?" मी म्हणायचे, मला तंगडी आणि छाती एवढंच कळतं. ती किंचाळायची, "काकू!" आणि कोंबडीचे कान झाकायची. कोंबडीला कान असतात हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. आतून गुरुनाथ हे ऐकत असायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याची सावली दिसायची.

पण सकाळचं वेगळं होतं. क्लबच्या पत्रकात लिहिलं होतं की कामं मुलांनी स्वतः करायची. स्वानंदी सहाचा गजर लावून बादली घेऊन बाहेर यायची, तर पाणी भरलेलं असायचं. भुसा बदललेला, दाणे मोजून घातलेले. गुरुनाथ साडेपाचलाच उठलेला.

"अरे, तुझी झोप मोडू नये म्हणून केलं," तो म्हणायचा.

ती रिकामी बादली घेऊन उभी राहायची, मग बादली जागेवर ठेवून आत जायची. पुढे गजर पावणेसहाचा झाला. तो सव्वापाचला उठायला लागला. एप्रिलच्या मध्यावर गजर बंद झाला. मी त्याला म्हटलं होतं, "अहो, तिला जरा हात घाण करू द्या." तो म्हणाला, "तिला त्रास नको, वहिनी. तिला इथे कसलाही त्रास व्हायला नको."

अंडी यायला लागली ती माझ्याकडे. लिंबाएवढी. चारांचं एक ऑम्लेट.

मग प्रदर्शनाला बारा दिवस असताना सुलेखाला बाकीच्या दोघींनी टोचलं. कोंबड्यांत एकीला धरून टोचायची रीत असते, आपल्या भिशीत असते तशी. मानेखाली रक्त आलं, आणि पांढऱ्यावर ते खून झाल्यासारखं दिसायला लागलं. गुरुनाथ कुंपणाशी आला, चेहरा कोंबडीपेक्षा पांढरा.

"वहिनी, काय करू? हिला काही झालं तर..." पुढचं तो बोलला नाही, पण पुढचं कोंबडीबद्दल नव्हतं.

"अहो, हळद चेपा," मी म्हटलं. "माणसांना चालते ती कोंबडीला चालणार नाही?" आणि डबाच हातात दिला.

हे मी केलं. लपवत नाही.

मी चिमूट म्हणून दिली होती. गुरुनाथने खोबरेल तेलात कालवून पाव वाटी लेप केला. आणि एकीला झालं ते दुसरीला होऊ नये, म्हणून प्रतिबंधक उपाय म्हणून तिघींना लावला. स्वानंदी शाळेतून आली तेव्हा तीन नवऱ्या हळद लावून बसल्या होत्या.

"बाबा! पत्रकात लिहिलंय, डोन्ट पुट एनिथिंग ऑन द फेदर्स!"

"बेटा, ते केमिकलबद्दल आहे. हळद नॅचरल आहे," आणि त्याने तिला हळदीवरचं संशोधन समजावलं. शेवटी ती म्हणाली, "ओके बाबा."

जखम भरली, तेही खरं. पण रंग! प्रदर्शनाच्या चार दिवस आधी त्याने तीन टबांत कोंबड्या धुतल्या. हळदीचा डाग साबणाला लाल होतो हे कुणाही मराठी बाईला विचारा. पहिला टब कुंकवाचा झाला. वाळल्यावर पुन्हा पिवळं ते पिवळंच. मी सांगितलं, "उन्हात ठेवा. हळद उन्हाने उडते, माझ्या आईने कित्येक पांढरे सदरे तसे वाचवलेत." तो म्हणाला, "नाही वहिनी, पांढऱ्या पिसांना ऊन लागलं की ती पिवळी पडतात, पुस्तकात आहे." म्हणून त्याने खुराड्यावर ताडपत्री घातली. पिवळी पडू नयेत म्हणून पिवळ्या कोंबड्या सावलीत राहिल्या. पुस्तकही बरोबर आणि माझी आईही बरोबर, आणि तरी डाग तिथेच.

काळी असती तर काही दिसलं नसतं. हे आम्हा तिघांच्याही मनात आलं असणार.

*

मैदानावर पत्र्याची लांबलचक शेड, वर गरगरणारे पंखे, दोनशे कोंबडे एकाच वेळी आरवताहेत. प्रत्येक मूल आपल्या पक्ष्याबरोबर टेबलाशी उभं, पालक दोरीच्या अलीकडे. स्वानंदीने सुलेखाला घेतलं होतं, तिघींत तिचं पिवळं कमी म्हणून. पांढरा सदरा, वेणी घट्ट.

परीक्षा दोन असतात. एक कोंबडीची, एक मुलाची. मुलाने पक्षी कसा धरला, त्याला काय काय ठाऊक आहे, यासाठी बक्षिसाची वेगळी फीत मिळते. जज म्हणजे डॉक्टरसारखा पांढरा कोट आणि डोक्यावर काउबॉयची टोपी. तो एकेक टेबल करत आला.

आणि स्वानंदी बोलली. काय बोलली! तुऱ्यापासून नखापर्यंत. पंख उघडून दाखवला, मिटला, कोंबडीची छाती तळहातावर तोलून तिला उलटी केली, पुन्हा सुलटी केली, एक पीस हललं नाही. माझ्या शेजारी गुरुनाथचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. जज म्हणाला, "सकाळपासून इतकं चांगलं कुणी सांगितलं नाही."

मग त्याने मानेवरची पिसं उलटी केली आणि थांबला. अंगठ्याने घासून बघितलं. अंगठ्याचा वास घेतला.

"हे काय आहे, हनी?"

"टर्मरिक, सर. तिला कट झाला होता. फॉर हीलिंग."

जजने कोंबडी खाली ठेवली. आवाज मऊ होता. "माझा विश्वास आहे. पण पिसांना रंग लागला की पक्षी बाद होतो. मला दुसरं काही करता येत नाही. तुझी फीत मात्र वेगळी आहे. तू उत्तम सांगितलंस, ते तुझंच आहे." त्याने वही उघडली. "औषध तूच लावलंस?"

स्वानंदीने एकदा दोरीकडे बघितलं. "येस, सर. आय डिड."

मी मनात म्हटलं, शाब्बास गं बाई. तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. गुरुनाथ दोरी ओलांडून आत गेला होता.

"एक्स्क्यूज मी, सर. ती मला वाचवतेय. हळद मी लावली. तिने नको म्हटलं होतं. तिची काहीही चूक नाही."

त्याला वाटलं, पोरीवर फसवणुकीचा आळ येतोय. बापाचा जीव तुटला. जजने त्याच्याकडे बघितलं, मग पोरीकडे.

"आणि धुतल्या कुणी?"

"मीच. तिची टेस्ट होती."

"रोजचं दाणापाणी?"

"मी लवकर उठतो," गुरुनाथ म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही. विचारेल तेवढ्याचं तो नेमकं उत्तर देत गेला. खुराडं कोणी स्वच्छ केलं, वजन कोणी केलं, कोंबड्या कोणी निवडल्या.

"कोंबड्यासुद्धा तुम्हीच निवडल्यात?"

"तिला विचारून," गुरुनाथ म्हणाला.

जजने वही मिटली. "ही फीत मुलाच्या कामाची असते, सर." मग पोरीकडे वाकून काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. स्वानंदीने मान डोलावली. "इट्स ओके," ती म्हणाली. ते ती जजला म्हणाली का बाबाला, मला कळलं नाही. गुरुनाथ अजून बोलतच होता, "पण तिला सगळं येतं सर, काहीही विचारा, प्लीज, विचारून बघा..." जज पुढच्या टेबलाशी पोचला होता. तिथे एक पोरगा ससाण्याच्या नाकाची कोंबडी घेऊन उभा होता, आणि त्याच्या नखांत मूठभर माती होती.

परत येताना गाडीत सुलेखा पिंजऱ्यात. मी म्हटलं, "सुलेखाला मंडळातूनही काढतील आता." कुणी हसलं नाही. इतकी वाया गेलेली चेष्टा माझ्या आठवणीत दुसरी नाही.

*

मेच्या शेवटी स्वानंदी अंडी द्यायला माझ्याकडे आली. ओट्यावर डबा ठेवला आणि उभी राहिली.

"शुभाकाकू, मी आईकडे जाणार आहे."

"शोमुळे?"

"नो." मग अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत म्हणाली, "बाबा खूप चांगला आहे. पण मी कुठेही गेले की ही इज ऑलरेडी देअर. माझ्या आधी."

मी अंडी फ्रिजमध्ये ठेवली.

"बाबाला सांगितलंस?"

"नाही. तो समजावेल." मग म्हणाली, "तू सांगशील?"

ह्यूस्टनभरच्या बातम्या मी इकडून तिकडे पोचवल्या आहेत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा व्हिसा अडकला. ही एक काही तोंडातून निघेना. तीन वेळा कुंपणापर्यंत गेले, आणि तिन्ही वेळा गवताबद्दल बोलून परत आले.

शेवटी जूनच्या पहिल्या रविवारी तिनेच सांगितलं. गुरुनाथने आवाज चढवला नाही, रडला नाही. म्हणाला, "ठीक आहे बेटा, निर्णय तुझाच आहे," आणि मग तीन दिवस समजावलं. कागद केला होता. एका बाजूला शुगर लँड, एका बाजूला जर्सी सिटी. शाळा, हवा, मैत्रिणी, गर्दी, अंगण. प्रत्येक मुद्द्याला ती "ओके बाबा" म्हणाली. तिसऱ्या रात्री तो मला म्हणाला, "वहिनी, पटतंय तिला." त्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं. ते हो मला अजून टोचतं.

चौथ्या दिवशी देवयानी विमानाने आली. पोरीची बॅग दाराशी उभी होती, केव्हा भरली कुणाला कळलं नाही. गुरुनाथने ती उचलायला हात पुढे केला, तोपर्यंत स्वानंदीने ती स्वतः उचलली होती. दोन्ही हातांनी, वाकडी होत, पण उचलली. त्याने हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. देवयानी त्याला म्हणाली, "जेवत जा वेळेवर." बस, तेवढंच.

गाडी वळल्यावर तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "पण ती ओके म्हणाली होती, वहिनी. प्रत्येक मुद्द्याला."

कोंबड्या परत द्यायला तो डॉटीकडे गेला. तिने घेतल्या नाहीत. प्रदर्शनाला जाऊन आलेला किंवा त्याच्या खुराड्यात राहिलेला पक्षी कळपात परत घ्यायचा नाही, रोग येतो, असा तिचा नियम. कुणाला तरी खायला दे, म्हणाली. माझा नवरा श्रीराम घरात आहेच खायला, पण मी त्याचं नाव पुढे केलं नाही.

म्हणून त्या तिथेच आहेत. रोज सव्वापाचला तो उठतो. हळद कधीच उडून गेली, आता त्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. पहिल्या काही रविवारी स्वानंदीचा फोन दहा मिनिटं चालायचा. मग चार. काय बोलावं हे त्याला सुचत नाही, म्हणून तिला कोंबड्या ऐकवायला तो फोन घेऊन अंगणात येतो.

परवाच्या रविवारी दुपारी मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. ऑगस्टचा उकाडा, कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीत पडलेल्या. गुरुनाथने फोन स्पीकरवर टाकून जाळीजवळ धरला.

"ऐकू येतंय का बेटा?"

"नाही, बाबा."

"थांब हं, जवळ नेतो." त्याने जाळीचं दार उघडलं आणि वाकून अर्धा आत शिरला.

"बाबा, आय हॅव टु गो. आई खाली थांबलीय. बाय."

"एक मिनिट. एकच मिनिट, ही आता आवाज करेल." त्याने सुलेखाच्या पोटाखाली बोट घालून तिला हळूच ढोसलं. ती थोडी सरकून पुन्हा बसली. त्याने पुन्हा ढोसलं. फोन कट झाल्याचा टूं टूं माझ्यापर्यंत येत होता, आणि तो हात लांब करून फोन तिच्या चोचीशी धरून उभा होता.